डोळ्यांचं कॅपिटल रिपेअर

भिलाईत माणूस रिटायर होतो, त्याचं एस्टिमेट होत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी सगळी नोकरी स्टील प्लांटच्या एस्टिमेट सेक्शनमध्ये काढली. आता स्मृतीनगरात घर बांधून राहतात, पण साबुदाणा भिजवायचा असला तरी आधी तरतूद, मग मंजुरी आणि शेवटी साबुदाणा, हा क्रम सुटलेला नाही. घराचं बांधकामही त्यांनी अंदाजापेक्षा साडेतीन टक्के कमी पैशात उरकलं. जिन्याची शेवटची पायरी त्यापायी जरा उंच झाली आणि येणारा-जाणारा तिथं हमखास ठेचकाळतो. काका ते हिशेबात धरत नाहीत, कारण ठेच पाहुण्याला लागते.

अशा घरात काकूंनी एका रविवारी, सुपेल्याच्या बाजारातून आणलेली भाजी निवडता निवडता जाहीर केलं की त्यांना डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घ्यायच्या आहेत. बँकॉकला.

निमित्त मुलाच्या लग्नाचं. लग्न मार्गशीर्षात, नागपूरला, आणि व्हिडिओवाला म्हणे फोर-के काढणार. जुन्या लग्नांच्या कॅसेटी होत्या तोवर वऱ्हाडी काय नि वरमाय काय, सगळे सारखेच धूसर दिसत. आता विहीणबाईंच्या नथीतला नकली मोती कोणता तेही पडद्यावर कळतं. काकूंची तक्रार एवढीच की त्या नथ घालतील ती खरी असेल, पण बघणाऱ्याची नजर नथीपर्यंत पोचायच्या आधी डोळ्यांखाली अडकेल.

“आणि ह्या आल्या कुठून?” त्या म्हणाल्या. “दर मार्चएन्डला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फायली घेऊन बसून राहिले तुम्ही. चहा कोण करून राहिलं होतं?”

काकांनी आरोप नाकारला नाही. फक्त म्हणाले, “सँक्शन करू. आधी एस्टिमेट.”

इथं थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं, कारण काकांनीही आधी तेच वाचून काढलं. डोळ्याच्या खोबणीत नेत्रगोलाला गादी म्हणून चरबी असते. तिला आत धरून ठेवणारा पातळ पडदा वयानं सैल झाला की ती पुढं येते आणि खालची पापणी फुगते. मार्चएन्डच्या चहाचा दोष त्यात असलाच तर थोडा. बराचसा वयाचा आणि आईवडिलांचा. पापणीच्या आतून चीर देऊन ती चरबी काढतात किंवा सारखी करून बसवतात. याला ब्लेफारोप्लास्टी म्हणतात. काकांच्या तोंडी तो शब्द पहिला आठवडाभर ‘ब्लास्टोप्लास्टी’ असाच होता, आणि ब्लास्ट फर्नेसच्या गावात त्याला कुणी हसलंही नाही. उलट काकूच हास्यास्पद ठरल्या असत्या असं वाटत असेल तर तेही नाही: सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या २०२४च्या मोजणीत पापणीच्या शस्त्रक्रियेनं लायपोसक्शनला मागं टाकून पहिला नंबर काढला. वर्षभरात एकवीस लाखांहून जास्त. पोटापेक्षा पापणीला महत्त्व देणारी माणसं जगात बहुसंख्य झाली, ही बातमी आमच्याकडे मात्र समोशाच्या दुकानावर बसून वाचली गेली.

परदेश आणि डोळे म्हटल्यावर काकांना बँकॉक आठवत नाही, मॉस्को आठवतं. त्यांचं बालपण सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. प्लांट रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला; पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केली. गावातली मैत्रीबाग ही त्याच मैत्रीची. घरोघरी शाळेच्या पुस्तकांना ‘सोव्हिएत लँड’च्या गुळगुळीत कागदाची कव्हरं. त्या काळापासून काकांच्या मनात घर करून बसलेला माणूस म्हणजे डॉक्टर स्व्यातोस्लाव फ्योदोरोव. चष्मा घालवण्यासाठी बुबुळावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक चिरा द्यायची पद्धत या गृहस्थानं १९७०च्या दशकात गाजवली आणि पुढं मॉस्कोत अशी व्यवस्था केली की रोगी टेबलावर झोपून फिरत्या रांगेतून पुढं सरकायचा आणि एकेक सर्जन आपापलं एकच काम करून त्याला पुढं धाडायचा. एक चीर देणारा, एक तपासणारा, एक पट्टी बांधणारा. बाकी जग हे ऐकून दचकलं. भिलाईच्या माणसाला यात दचकण्यासारखं काही दिसेना. आमची रेल मिल अशीच चालते. एकीकडून लालबुंद ब्लूम आत जातो, दुसरीकडून रूळ बाहेर येतो, आणि मधल्या कुणालाही अख्खा रूळ करता येत नाही.

फ्योदोरोवनं पुढं एक जहाजच घेतलं. नाव ‘पीटर द फर्स्ट’. त्यावर ऑपरेशन थिएटर थाटून बंदरोबंदरी जाऊन डॉलर घेऊन डोळे दुरुस्त करायचं. म्हणजे रोग्यानं परदेशी जायचं नाही, परदेशच धक्क्याला लागायचा. काका अजूनही म्हणतात, शिवनाथ नदीला पाणी जास्त असतं तर ते जहाज दुर्गपर्यंत आणता आलं असतं आणि काकूंच्या एस्टिमेटमधलं विमानभाडं वाचलं असतं.

पण त्या गोष्टीचं शेपूट काकांना मी वाचून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. अमेरिकेत या चिरांच्या शस्त्रक्रियेचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि १९९४ साली निकाल छापला. शंभरातल्या त्रेचाळीस डोळ्यांचा नंबर काळाच्या ओघात उलट्या दिशेनं एक किंवा त्याहून जास्त सरकलेला. लांबचा चष्मा सुटला म्हणून पेढे वाटलेल्यांना पुढं जवळचा चष्मा इतरांच्या आधी लागला. काकांनी चष्म्यातून माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, “म्हणजे दहा वर्षांनी बिल आलं?” आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर, कुठल्याही आकड्याच्या आधी, लाल पेनानं लिहिलं: ‘नंतरचं’. पुढं रक्कम कोरी.

मग कोटेशन आलं. आजकाल डोळा दुखायच्या आधी एजंट येतो. काकूंनी मोबाईलवर एकदा ‘आय बॅग’ एवढंच शोधलं होतं, त्यानंतर त्यांना तीन दिवस ट्रॅव्हल बॅगांच्या जाहिराती आल्या आणि चौथ्या दिवशी एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन. ‘दोन्ही डोळे, खालच्या पापण्या, एक लाख साठ हजारांपासून पुढे, मॅडम.’ काकूंनी एक लाख साठ हजार ऐकलं. काकांनी ‘पासून पुढे’ ऐकलं. संसार एवढा काळ टिकला तो या श्रमविभागणीवरच.

‘पासून पुढे’च्या पुढं काय, हे काढायला काकांना तीन फोन लागले. भूल, ऑपरेशन थिएटरचं भाडं, रक्ताच्या तपासण्या, औषधं, थंड शेकाच्या पिशव्या हे सगळं वेगळं. अडतीस हजार. काकांनी बाईंना शांतपणे विचारलं की थिएटरशिवाय ऑपरेशन कुठं करतात, तर बाई म्हणाल्या, “सर, ते कॉम्प्रिहेन्सिव्ह पॅकेजमध्ये येतं.” काका खूश झाले. टेंडरात एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, ठरण्यासाठी निम्मी कामं ‘वगळून’ दर भरणारे ठेकेदार त्यांनी जन्मभर हाताळले होते. बँकॉकलाही आपलीच माणसं आहेत हे पाहून त्यांना परकेपणा वाटेनासा झाला.

पुढचा रकाना अटेंडंटचा. क्लिनिकनं स्पष्ट सांगितलेलं: सोबत कुणीतरी हवं. ऑपरेशननंतर डोळे सुजतात, डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, दर काही तासांनी थेंब. टाके असतील तर पाच-सात दिवसांनी निघणार आणि त्याआधी विमानात बसू नका म्हणतात. म्हणजे आठ-दहा दिवस मुक्काम, दोघांचा. काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘अटेंडंट — एक (स्वतः). अटेंडंटशिवाय पेशंट घेत नाहीत.’ खाली अधोरेखित.

रायपूरहून परदेशी जायला सरळ विमान नाही. आधी कोलकाता, तिथून अडीचेक तासांत बँकॉक. दोघांचं जाऊन-येऊन चौसष्ट हजार. हॉटेल दहा रात्री, पंचेचाळीस हजार. जेवणखाण आणि टॅक्सी तीस हजार. या तीस हजारांवर मात्र वाद झाला, कारण काकूंच्या मते जेवणाचा खर्च शून्य होता. पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट. काकांनी विमानातल्या सामानाचं वजन आणि दशम्यांचं आयुष्य असे दोन उपरकाने आखले. चौथ्या दिवशी दोन्ही आलेख एकमेकांना छेदत होते. शिवाय तिकडे भाजीतही माशाचा रस्सा घालतात, हे काकूंना कुणीतरी सांगितलेलं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ अशा उच्चाराचं काहीतरी लिहिलेलं दिसलं की तिथं निव्वळ शाकाहारी मिळतं, एवढी माहिती मी पुरवली. ती काकूंनी रजिस्टरच्या समासात झेंडा काढूनच नोंदवली.

परदेशात कार्ड घासलं की बँक साडेतीन टक्के वर घेते. काकांनी तिकडं होणाऱ्या दोन लाख त्र्याहत्तर हजारांवर ते काढले: ९,५५५. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा वेदना दिसली. काकूंच्या पापणीला सुई टोचणार याचं त्यांना इतकं वाटलं नव्हतं. त्यातल्या त्यात समाधान एकच: परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नावाचा कर लावत नाहीत, आणि आपण त्याच्या कितीतरी खाली आहोत. आपण कुठल्यातरी मर्यादेच्या खाली आहोत याचा एवढा आनंद मध्यमवर्गालाच होऊ शकतो.

काकांचा पासपोर्ट संपलेला. मुलगा दुबईला होता तेव्हा काढलेला, आणि एकही शिक्का न बसता कोराच म्हातारा झालेला. नवा, तत्काळमध्ये: दीड हजार आणि वर दोन हजार. मग खरेदी. काकांनी आधी पाच हजार मांडले होते. काकूंनी लग्नाचं घर, अहेर, विहिणीकडच्या बायका, मोलकरीण आणि ‘एवढं बँकॉकला जाऊन’ या क्रमानं मुद्दे मांडले आणि पाचावर एक शून्य चढलं. बेरीज झाली ४,००,०५५. काका त्या पंचावन्न रुपयांकडे बराच वेळ बघत राहिले. हॉटेलवाल्याकडून एवढे तरी सुटायला हवेत, म्हणाले.

याच सुमारास काकूंची भाची आली. रुंगटा की कुठल्याशा कॉलेजात शिकते, कोरियन मालिका बघते आणि ‘रस्ता क्रॉस कर’ हेसुद्धा कोरियन सुरात म्हणते. तिचं म्हणणं, बँकॉक कशाला, डोळ्यांचं काम करायचं तर सोलला, गंगनममध्ये. तिथं मेट्रो स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की इमारतींवर मजल्यामजल्याला पापणीवाले. तिनं सांगितलं की तिकडे सगळ्यात जास्त खपतं ते डबल आयलिड: वरच्या पापणीवर घडी नसते, ती मुद्दाम पाडून घेतात. हे काम पहिल्यांदा जपानात १८९६ साली झालं. काकूंनी आरशात पाहिलं. घडी दोन्हीकडे होती. मग काकांच्या पाहिल्या, माझ्या पाहिल्या, दारात गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाच्याही पाहिल्या. सगळ्यांना होती.

“म्हणजे ज्याच्यासाठी लोक लाखो मोजून राहिले, ते आपल्याकडे गॅसवाल्याला फुकट?” काकूंना आपली संपत्ती एकदम वाढल्यासारखी वाटली. काकांनी ती मालमत्तेच्या बाजूला मांडावी असंही त्यांनी सुचवलं.

घाऱ्या डोळ्यांचंही तसंच. बुबुळावर रंग भरून डोळे हिरवे-निळे करून द्यायचा धंदा अमेरिकेत नि युरोपात चालतो, त्यासाठी लोक दहा-दहा हजार डॉलर मोजतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२४ साली लोकांना या फंदात पडू नका म्हणून जाहीर बजावलं, कारण निव्वळ रंगापायी दृष्टी जाऊ शकते. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढं आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी वर्गणी कमी देणारे एक घारे-गोरे गृहस्थ आले. दहा हजार डॉलरचा ऐवज चेहऱ्यावर घेऊन एकशे एक रुपयांची पावती फाडतात.

सोलचा प्रस्ताव काकांनी व्हिसा, थंडी आणि भाडं पाहून बाद केला, पण त्या निमित्तानं एक गोष्ट त्यांच्या कानावर गेली ती गेलीच. कोरियात मध्यंतरी असं उघडकीला आलं की नाव मोठ्या सर्जनचं, बोलणी मोठ्या सर्जनशी, आणि रोग्याला भूल चढली की कापाकापी भलताच कुणी करतोय. प्रकरणं इतकी गाजली की सरकारला कायदा करावा लागला. भूल देऊन जिथं ऑपरेशन होतं तिथं कॅमेरा बसवणं सप्टेंबर २०२३पासून सक्तीचं झालं.

“पेटी ठेकेदार!” काका जवळजवळ ओरडले. काम एकाच्या नावावर, करणारा दुसरा, आणि सांधा उखडला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. त्यांनी त्याच रात्री बँकॉकच्या बाईंना विचारून पाठवलं: सर्जनचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, आणि ‘वर्क विल नॉट बी सबलेट’ हे लेखी. बाईंनी दोन जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवलं. काकांनी ते ‘नोटेड’ धरलं.

विम्याचा दिवस मात्र शोकाकुल गेला. काकांच्या पॉलिसीत, जशी ती देशातल्या सगळ्याच पॉलिसींत असते, वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. नियामकानं क्रमांक घालून दिलेले. कलम आठ: कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी. कलम पंधरा: साडेसातच्या आतला चष्म्याचा नंबर घालवायचा खर्च. म्हणजे नंबर सव्वासात असेल तर ती हौस, साडेसात झाला की आजार. प्रवासाचा विमा निराळा काढता येतो, पण त्यात बॅग हरवली तर पैसे मिळतात, हौसेनं केलेल्या ऑपरेशनची पापणी बिघडली तर नाही. काकूंनी विचारलं, “डोळ्याखालची बॅग हरवली तर?” काका हसले नाहीत. विम्याच्या कागदापुढं ते कधीच हसत नाहीत.

खरं तर त्यांच्या रजिस्टरमधली सगळ्यात भारी नोंद याच दिवशी झाली. ब्लास्ट फर्नेस किंवा कोक ओव्हन काही वर्षं चालली की तिला बंद करून आतून नवी करावी लागते, त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. भिलाईत हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो. काकांचा अनुभव असा की कॅपिटल रिपेअरचं एस्टिमेट चुकतं ते विटा-सिमेंटमध्ये नाही. चुकतं ते शटडाउनच्या दिवसांत, आणि चालू केल्यावर पुन्हा बंद करावी लागली तर त्यात. तोच न्याय त्यांनी काकूंना लावला.

शटडाउन: काकू बारा दिवस घरात नाहीत. घरातल्या आजींच्या सोबतीला बाई, डबा, तुळशीला पाणी. बारा हजार. काकूंनी ही रक्कम वाचली आणि एवढ्या वर्षांचा हिशेब काढून द्या म्हणाल्या. “दिवसाला हजार रुपये मी घरात लावून राहिले आहे हे आजच कळलं.” काकांनी ती मागणी ‘विचाराधीन’ ठेवली. नंतर दहा टक्के वरखर्च. बेरीज ४,५३,२६१.

आणि पुन्हा बंद करावी लागली तर. पापणीची सूज पंधरा दिवसांत पुष्कळ उतरते, पण घडी नीट बसायला महिने जातात. एक डोळा वर-खाली राहिला, पापणी बाहेरच्या बाजूला ओढली गेली, डोळा पुरता मिटेना, तर दुरुस्तीचा निर्णयही डॉक्टर बहुधा सहाएक महिन्यांनंतरच घेतात. क्लिनिक म्हणतं, दुरुस्ती मोफत. काकांनी खुलासा मागवला तेव्हा मोफत निघाली ती फक्त सर्जनची फी. थिएटर, भूल, औषधं तुमची. विमान तुमचं. हॉटेल तुमचं. अडतीस, चौसष्ट, सत्तावीस आणि अठरा हजार मिळून एक लाख सत्तेचाळीस. ‘नंतरचं’ या लाल शब्दापुढं अखेर आकडा बसला आणि एक लाख साठ हजारांपासून निघालेली गाडी सहा लाख दोनशे एकसष्टला येऊन थांबली.

“दोनशे एकसष्ट कशाचे?” काकूंनी विचारलं. सहा लाखांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

वास्तविक आमच्याकडच्या माणसाचं वैद्यकीय परदेश म्हणजे नागपूर. अडीचशेहून थोडे जास्त किलोमीटर, सकाळच्या गाडीनं जा, मोठ्या डॉक्टरला दाखवा. ही सोय स्वस्त आहे असा समज आहे, तो मला मान्य नाही. नागपूरला हॉटेलचा खर्च नसतो कारण चुलत दीर असतो. चुलत दिराकडे आठ दिवस राहायचं म्हणजे जावेला साडी, मुलांच्या हातावर पैसे, निघताना संत्रा बर्फी आपल्याच पैशानं, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ‘डोळ्याचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं बरं का हिचं’. बँकॉकचा हॉटेलवाला निदान मुंजीत भेटत नाही. काकांनी नागपूरचं पर्यायी एस्टिमेट काढलं तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट सापडली: आपल्याकडे दवाखान्याच्या सेवेवर जीएसटी नाही, पण हौसेच्या सौंदर्यशस्त्रक्रियेवर आहे. अठरा टक्के.

हे चाललं असताना मला राहून राहून पुण्याची एक जुनी हकिगत आठवत होती. टिपूच्या माणसांनी कावसजी नावाच्या इंग्रजांच्या गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याजवळच्या एका कुंभारानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४मध्ये ते चित्रासकट छापलं आणि वीस वर्षांनी, १८१४ साली, कार्प्यू नावाच्या सर्जननं त्यावरून लंडनमध्ये पहिलं नाक बसवलं. तेव्हा पॅकेज इकडून तिकडे गेलं, तेही फुकट. काकांना सांगितलं तर म्हणाले, “कुंभारानं रॉयल्टी घ्यायला हवी होती.” आणि तो आकडा काढायला बसतील या भीतीनं मी विषय बदलला.

शेवटी ठरलं की बँकॉक होवो न होवो, आधी जवळच असलेल्या, पापण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं मत घ्यावं. मीही सोबत गेलो. बाईंनी काकूंच्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. डोळ्यात पाणी किती बनतं ते असं मोजतात; पट्टी जितकी भिजेल तितकं. काकू दोन पांढऱ्या पट्ट्या गालांवर लोंबत ठेवून बसल्या, आणि त्याही अवस्थेत बाईंना विचारत होत्या की लग्न मार्गशीर्षात आहे, कधी करून देता. पट्टी भिजली सहा मिलिमीटर. बाई म्हणाल्या, डोळे कोरडे आहेत. अशा डोळ्यांवर आत्ताच ऑपरेशन केलं तर कोरडेपणा वाढू शकतो. आधी थेंब घाला, काही महिन्यांनी बघू.

काकूंचा चेहरा पडला. काका मात्र फॉर्म भरत होते. मान मागे, भुवया कपाळात, नाकाच्या शेंड्यावरून कागदाकडे बघत. बाईंची नजर त्यांच्यावर गेली ती हलेचना.

“तुम्ही नेहमी असंच बघता?”

नेहमीच. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सेक्शनमधली पोरं समजायची की साहेबांना प्रत्येक आकड्याचं आश्चर्य वाटतं, आणि त्या धाकानं आपणहून पाच टक्के कमी करून आणायची. बाईंनी काकांना यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. वरच्या बाजूचे ठिपके काकांना दिसतच नव्हते. मग पापण्या चिकटपट्टीनं वर चिकटवून तीच तपासणी पुन्हा केली. या वेळी काका दणादण बटण दाबत सुटले, आणि बाहेर येऊन म्हणाले की दवाखान्याला एवढं उंच छत आहे हे आत्ता कळलं.

वरच्या पापण्या बुबुळावर उतरलेल्या. बाईंनी समजावलं की यात हौस नाही. दृष्टी अडते आहे, तपासणीचा कागद जोडून विमा कंपनीकडे मंजुरी मागता येईल, कलम आठ त्यांच्या आड येईलच असं नाही. ऑपरेशन नागपूरला, ओळखीच्या सर्जनकडे, दोन दिवसांचं काम. काकांच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात प्रथमच एक खर्च दुसऱ्याच्या तरतुदीतून होत होता.

घरी आल्यावर चहा झाला. काकूंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, कोरं पान काढलं आणि काकांच्याच पट्टीनं रकाने आखले. पहिल्या ओळीत लिहिलं: ‘अटेंडंट — एक (स्वतः)’. हॉटेल, कारण चुलत दिराकडे त्या जाणार नव्हत्या. टॅक्सी. जेवण. त्याखाली, सीताबर्डीचा बाजार: पन्नास हजार.

“अहो, कंपनी फक्त ऑपरेशनचे देईल,” काका म्हणाले. “आणि दोन दिवसांत पन्नास हजारांची कसली खरेदी?”

“रेट तुमचाच आहे, मागच्या पानावर बघा. डोळे आता वरपर्यंत दिसतील.” काकूंनी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. “अटेंडंटशिवाय पेशंट घेत नाहीत, हेही तुम्हीच लिहून ठेवलं. इथं सही करा.”